हस्तापासून माघापर्यंत : बेळगाव-निपाणी परिसरातील हिवाळी भाजीमळ्याचा इतिहास

देवस्थानाचा इतिहास म्हटला म्हणजे सनदा, ताम्रपट, अग्रशाळा, पालखीचे मान आणि महाजनांच्या सभांची इतिवृत्ते एवढ्याच गोष्टी सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. देवापुढे मांडलेल्या पानातील भाजी कोणत्या गावच्या मातीत पिकली, ती कोणी पिकविली आणि त्यासाठी किती महिने आधी जमीन कसली गेली, याची नोंद ठेवण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. वास्तविक माघ महिन्यातील जत्रांच्या वेळी गोमंतकातील देवालयांच्या पाकशाळांत जे खतखते शिजते, त्याचा आरंभ चार महिने आधी, आश्विनात, घाटमाथ्यावरील एखाद्या मळ्यात झालेला असतो. किमान पाच भाज्या, तुरीची डाळ, ओल्या नारळाचे वाटण आणि तिरफळे ही खतखत्याची सामग्री. त्यांपैकी नारळ आणि तिरफळे गोमंतकाची. मुळा, नवलकोल, गाजर, बटाटा, वाटाणा यांचा मोठा वाटा मात्र बेळगावकडून घाट उतरून येत आला आहे.

पोर्तुगीज राजवटीतील धार्मिक छळामुळे सोळाव्या शतकात देवांनी स्थलांतर केले, तसेच अनेक महाजन कुटुंबांनीही केले. पुढे उद्योगव्यवसायाच्या निमित्ताने कित्येक घराणी घाट चढून बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या भागांत स्थायिक झाली. कुलदेव घाटाखाली आणि घर घाटावर, अशी या कुटुंबांची स्थिती झाली. या दोन टोकांना जोडणाऱ्या ज्या साध्या गोष्टी होत्या, त्यांत हिवाळ्यातील भाजीचा मळा ही एक होय.

भूमी आणि हवा

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसले आहे. त्याचे प्राचीन नाव वेणुग्राम. सौंदत्तीच्या रट्ट राजांनी ते आपले राजधानीचे ठिकाण केले आणि किल्ल्यातील कमलबस्ती इ. स. १२०४ मधील आहे, हे सर्वश्रुत आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या अंगाला लाल व तांबूस माती आणि धो धो पाऊस. पूर्वेकडे व उत्तरेकडे सरकावे तसा पाऊस उणावत जातो आणि काळी जमीन लागते. निपाणीच्या आसपास वेदगंगा आणि दूधगंगा या नद्यांच्या काठची जमीन तर सकसपणाबद्दल प्रसिद्धच आहे. येथे थंडी पडते, पण हिमपात नाही. रात्री गारठा, पहाटे दव व धुके आणि दिवसा स्वच्छ ऊन, असे हवामान कार्तिकापासून माघापर्यंत टिकते. कोबी, फुलकोबी, वाटाणा, गाजर यांना हवे असते ते नेमके हेच.

लिसेंवमधील पोर्तुगीज पाठ्यपुस्तकांतून युरोपातील ऋतूंची वर्णने पाठ केलेल्या जुन्या पिढीला यातील विरोधाभास चांगला ठाऊक होता. युरोपात हिवाळ्याची तयारी म्हणजे बाग आवरती घेणे, मुळांवर पाचोळा पसरणे, कंदमुळे तळघरात साठविणे आणि वसंताची वाट पाहणे. घाटमाथ्यावर त्याच्या अगदी उलट. येथे भाजीच्या मळ्याचे खरे वर्ष पावसाळा संपताना सुरू होते. हिवाळा हा आपल्याकडील भाजीचा वसंतच म्हणावयाचा.

दूरदेशीच्या भाज्या

आज ज्या भाज्यांना आपण परंपरागत समजतो, त्यांपैकी कित्येक फार दूरच्या पाहुण्या आहेत. वांगी, मुळा, माठ, मेथी, वाल, घेवडा या जुन्या भाज्या. मिरची, बटाटा, रताळे, टोमॅटो या अमेरिका खंडातून आलेल्या. पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून तिने इतके घर केले की, आज हुक्केरी तालुक्यातील संकेश्वरच्या नावानेच एक मिरची दूरवर ओळखली जाते.

शब्दांचा प्रवासही मनोरंजक आहे. ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोव्ह’ या शब्दावरून आला. ‘बटाटा’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांतील लोकांचा असून तेथे तो रताळ्याचे नाव होता. पोर्तुगीजांनी पुढे तोच बटाट्याला लावला आणि रताळ्याला ‘गोड बटाटा’ म्हटले. बेळगावच्या बाजारात बटाटा आणि रताळी ही दोन्ही पिके मोठ्या प्रमाणावर येतात. उपवासाच्या दिवसांत बेळगावची रताळी दूरदूरच्या बाजारपेठांत जातात. पण हे दोन कंद एकेकाळी एकाच नावाचे धनी होते, याची जाणीव कोणाला असते?

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि १८३२ मध्ये तेथे लष्करी छावणी स्थापन झाली. गोऱ्या पलटणींच्या मुदपाकखान्यांना कोबी, फुलकोबी, वाटाणा, गाजर, सलगम अशा भाज्या लागत. फुलकोबीचे बियाणे १८२२ मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत प्रथम रुजविले गेले, असे सांगतात. छावणीसारखे कायमचे गिऱ्हाईक जवळ असल्यावर आसपासच्या गावांतील मळेकऱ्यांनी या ‘इंग्रजी भाज्या’ उचलल्या, यात नवल नाही. १८८८ मध्ये मुरगावचा लोहमार्ग कॅसलरॉकपर्यंत येऊन ब्रिटिश मुलखातील मार्गास मिळाला आणि घाटावरचा माल गोमंतकात उतरविण्याचा वेगळाच राजमार्ग खुला झाला. तत्पूर्वी रामघाटातून बैलांचे तांडे चालत. आंबोलीच्या व चोर्ल्याच्या वाटाही होत्याच.

शेतीविषयीचे ज्ञान पुस्तकरूपाने मांडण्याचा प्रयत्न गोमंतकातही झाला होता. मडगावचे बेर्नार्दु फ्रांसिश्कु द कोश्त, ज्यांनी १८५९ मध्ये ‘उ उल्त्रामार’ हे वृत्तपत्र काढले, त्यांनी हिंदी शेतकऱ्यांसाठी एक व्यावहारिक मार्गदर्शक ग्रंथ पोर्तुगीज भाषेत लिहिला व तो १८७२ पासून लिस्बन येथे प्रसिद्ध झाला. परंतु मळेकरी ज्या ग्रंथावरून चालत आला, तो ग्रंथ नक्षत्रांचा.

तयारीचा क्रम

सूर्य साधारणतः २७ सप्टेंबरला हस्त नक्षत्रात प्रवेश करतो. त्यानंतर चित्रा आणि स्वाती. या तीन नक्षत्रांत, म्हणजे ऑक्टोबर महिन्याच्या मागेपुढे, हिवाळी मळ्याची सारी पूर्वतयारी उरकावी लागते. हस्ताचा पाऊस जोराचा असतो. तो ओसरला की जमिनीला वाफसा येण्याची वाट पाहावयाची. मूठभर माती दाबून सोडली असता गोळा हळूच फुटला पाहिजे. चिकटून राहिली तर नांगर घालावयाचा नाही. ओल्या जमिनीत नांगर चालविला तर ढेकळे दगडासारखी वाळतात आणि सारा हंगाम ती फोडण्यात जातो.

वाफसा आल्यावर पहिली नांगरट. चार महिन्यांच्या पावसात माजलेली हरळी आणि लव्हाळा मुळासकट वेचून बांधावर टाकावा लागतो. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी महिन्याभरात तिचे बेट होते. त्यानंतर जमीन आठ-दहा दिवस आश्विनाच्या कडक उन्हात उघडी ठेवतात. आपण ज्याला ‘ऑक्टोबरची उष्णता’ म्हणून नावे ठेवतो, तीच मळेकऱ्याची मित्र होय. मातीतील किडींचे कोश आणि अंडी या उन्हात नाश पावतात. मग कुळवाची पाळी आणि चांगले कुजलेले शेणखत. येथे ‘कुजलेले’ या शब्दावर भर द्यावयास हवा. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी आणि तणांचे बी मळ्यात येते, म्हणून उकिरडा उन्हाळ्यातच भरून पावसाळाभर मुरू देण्याची रीत पडली.

मुख्य मळ्याची मशागत चालू असतानाच एका कोपऱ्यात रोपांसाठी गादीवाफे केलेले असतात. वाफा सुमारे तीन फूट रुंद व अर्धा फूट उंच. म्हणजे उशिराचा पाऊस आला तरी पाणी साचत नाही आणि दोन्ही बाजूंनी हात पोचून तण काढता येते. कोबी, फुलकोबी, नवलकोल, वांगी, टोमॅटो, मिरची आणि कांदा यांचे बी येथे पडते. बियांवर मुंग्यांचा डोळा असतो, म्हणून चुलीतील राख भुरभुरण्याची पद्धत. कोबीचे रोप चार-पाच आठवड्यांत हलविण्याजोगे होते. कांद्याचे रोप सहा ते आठ आठवडे घेते. रोपे सायंकाळी लावावयाची, लावताक्षणी आंबवणीचे पाणी आणि तीन-चार दिवसांनी चिंबवणीचे. कोबीला दोन रोपांत दीड फुटाचे अंतर. घाईने दाट लावणाऱ्याला पाने भरपूर मिळतात, गड्डा मिळत नाही.

मुळा, गाजर, मेथी, पालक, तांबडा माठ, कोथिंबीर आणि वाटाणा यांचे बी थेट वाफ्यात पेरतात. कोथिंबिरीसाठी धणे जमिनीवर हलके रगडून दुभंगावे लागतात. अनुभवी मळेकरी सगळी मेथी एका दिवशी पेरत नाही. दर आठ-दहा दिवसांनी एकेक वाफा पेरला म्हणजे तिसाव्या दिवसापासून ताटात ताजी भाजी अखंड येते. कडेने झेंडू लावण्याची चाल तोरणांपुरती नाही. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना झेंडू आवरतो, हे आता शास्त्रानेही मान्य केले आहे.

पाणी पूर्वी मोटेने चढे. चामड्याची मोट, बैलांची जोडी, विहिरीचा धाव आणि तेथून पाटाने वाफ्यावाफ्यांत खेळणारे पाणी, हे दृश्य विजेचे पंप आल्यावर मागे पडले. गोमंतकात हेच काम लाटेने, म्हणजे एका टोकाला वजन बांधलेल्या आडव्या वाशाने होई.

सण आणि मळा यांचाही मेळ लक्षात घेण्यासारखा आहे. चातुर्मासात शाकव्रतापासून द्विदलव्रतापर्यंत एकेक वस्तू वर्ज्य. वांगी, कांदा, लसूणही पुष्कळ घरांत निषिद्ध. हाच काळ पालेभाजी चिखलाने व किडीने खराब होण्याचा. आश्विनी पौर्णिमेला सीमाभागातील कानडी शेतकरी ‘सीगी हुण्णिमे’ पाळतात. त्या दिवशी शेतात नैवेद्य नेऊन भूमातेची पूजा होते, कारण तिच्या पोटात पीक आहे अशी भावना असते. मराठी घरांत त्याच रात्री कोजागरी. कार्तिकी एकादशीनंतर वांगे पुन्हा पानात येते, चंपाषष्ठीला त्याचे भरीत होते आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत वांगे, वालपापडी, गाजर, हरभऱ्याचे घाटे अशा साऱ्या मळ्याची एकत्र हजेरी लागते. मळ्याला ‘तोट’ म्हणणारा आणि ‘मळा’ म्हणणारा यांच्या बांधाला बांध लागलेला आहे. दोघांची नक्षत्रे एकच. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि सीमाप्रश्न उभा राहिला. त्याचे शल्य मराठी मनात आजही आहे. परंतु वाफसा पाहण्याची रीत कोणत्याही अधिसूचनेने बदलली नाही.

निपाणीचा तंबाखू आणि घरचा वाफा

निपाणी म्हटले की तंबाखू. विडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ. येथील जुन्या मळेकऱ्यांनी तंबाखूचा उपयोग भाजीच्या रक्षणासाठीही केला. तंबाखूचा चुरा पाण्यात भिजवून किंवा उकळून, गाळून, त्यात थोडा साबण मिसळून केलेला अर्क कोबी-वालावरील मावा मारीत असे. हा अर्क जहाल विषारी असल्याने फवारणीनंतर पुष्कळ दिवस भाजी काढावयाची नाही, असा दंडक होता.

याच तंबाखूपासून मळ्याला धोकाही आहे. तंबाखूवरील ‘मोझॅक’ रोग मिरची आणि टोमॅटोवरही जातो. हॉलंडमध्ये आडोल्फ मायर यांनी १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १८९८ मध्ये बायरिंक यांनी त्याच्या कारणास ‘व्हायरस’ हे नाव दिले. विषाणुशास्त्राचा उगमच या पानावर झाला. तंबाखू हाताळलेल्या हातांनी रोपे लावल्यास रोग पसरतो, म्हणून हात स्वच्छ धुऊनच रोपांना शिवावे, हा नियम निपाणीसारख्या गावी विशेष महत्त्वाचा.

दुसरी शिकवण अधिक कडू आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी निपाणीस मोठे आंदोलन केले. ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. तंबाखूचे पीक विकल्यावाचून घरात कवडीच्या उपयोगाचे नाही. भाव पडला की घर पडते. ज्याच्या विहिरीजवळ चार वाफे भाजीचे असतील, त्याच्या चुलीला निदान तेवढा आधार राहतो. नगदी पिकाच्या कडेला भाजीचा तुकडा राखण्याची वडिलधाऱ्यांची रीत ही हौस नव्हती, ती दूरदृष्टी होती.

घाट दोनदा बंद झाला

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग म्हणजे घाटवाट बंद होण्याचे प्रसंग. गोवा मुक्तिसंग्रामात बेळगाव हे महत्त्वाचे केंद्र होते. नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचे कार्य तेथून चाले आणि हद्दपार झालेल्या अनेक गोमंतकीयांना त्या शहराने आश्रय दिला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले संबंध तोडले. आर्थिक निर्बंध कडक झाले, सरहद्दी बंद झाल्या आणि कॅसलरॉकवरून जाणारी आगगाडी थांबली. जी भाजी एका दिवसात घाट उतरत असे, ती येईनाशी झाली. पोर्तुगीज सरकारने समुद्रमार्गे माल आणविला. बटाटे तर थेट हॉलंडहून आले! बेळगावचा बटाटा शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर असताना गोमंतकीयाच्या ताटात सात समुद्रांपलीकडील बटाटा पडावा, हा कालमहिमाच.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तो मार्गशीर्ष महिना होता. घाटावरचे मळे ऐन भरात होते. वाटा खुल्या झाल्या आणि जुना व्यवहार पूर्ववत सुरू झाला. नाकेबंदीच्या काळात ज्यांच्या घरामागे परस होते आणि ज्यांना ते राखण्याचे ज्ञान होते, त्यांची ओढाताण तेवढी कमी झाली. पण सुबत्ता आली की माणूस अडचणीतील शहाणपण विसरतो. परसातील विहिरी बुजल्या, लाटा मोडल्या आणि गोमंतकाची चूल घाटावरील मळ्यावर पूर्वीपेक्षाही अधिक अवलंबून राहिली.

दुसरा प्रसंग सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे टाळेबंदी जाहीर झाली, सीमा बंद झाल्या आणि बेळगावहून येणारी भाजी काही दिवस अडली. गोमंतकातील बाजार ओस पडले आणि भाजी मिळेल तेथे लोकांनी रांगा लावल्या. त्याच वेळी घाटावर निराळीच हानी चालली होती; माल तयार, पण नेण्यास वाहन नाही आणि घेण्यास गिऱ्हाईक नाही. कोबीचे गड्डे वाफ्यातच फुटून जाताना पाहणे मळेकऱ्याच्या नशिबी आले. पहिल्या वेळी वाट राजकारणाने अडविली, दुसऱ्या वेळी रोगाने. बोध मात्र एकच निघाला: घाटाखालचा आणि घाटावरचा असे दोन्ही संसार एकाच मळ्यावर उभे आहेत.

काय राखावयाचे?

२०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ असे झाले. शहर चोहोबाजूंनी वाढत आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारांतील सुपीक जमिनी पिढ्यान्‌पिढ्या धान्य आणि भाजीपाला देत आल्या. हलगा-मच्छे बायपास रस्त्यासाठी या जमिनी संपादण्यास तेथील शेतकऱ्यांनी प्रखर विरोध केला आणि न्यायालयातही दाद मागितली. रस्ते हवेत, याविषयी दुमत नाही. परंतु शेकडो वर्षांच्या शेणखताने आणि घामाने तयार झालेली माती एकदा डांबराखाली गेली की कोणत्याही नुकसानभरपाईने ती पुन्हा निर्माण होत नाही, हेही तितकेच खरे.

जमिनीइतकेच नाजूक आहे ते ज्ञान. वाफसा हाताने ओळखणे, निरोगी झाडावरचे पहिले उत्तम वांगे बियाण्यासाठी राखणे, बी राखेत घोळून मडक्यात जपणे, जत्रेच्या तिथीपासून मागे दिवस मोजून मुळ्याची आणि नवलकोलाची पेरणी ठरविणे, या गोष्टी बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या स्मरणात असत. त्या कोणत्याही दप्तरात उतरल्या नाहीत. एक पिढी बोलली नाही, तर दुसरीला त्या कळावयाच्या नाहीत. तेराव्या शतकात अरण गावच्या सावता माळ्याने भाजीच्या मळ्यातच पांडुरंग पाहिला. मळ्याचे काम भक्तीहून वेगळे नाही, हे आपल्या संतपरंपरेनेच ठरवून ठेवले आहे.

महाजन कुटुंबांपैकी पुष्कळांची घरे आता शहरांतील सदनिकांत आहेत. सर्वांनी नांगर धरावा, असे कोणी म्हणणार नाही. तरीपण ज्यांचे परस शिल्लक आहे, त्यांनी येत्या हस्तात तीन फूट रुंदीचा एक वाफा उकरून पाहावा. ज्यांचे परस नाही, त्यांनी घरातील वृद्धांकडून बियाण्याच्या आणि पेरणीच्या चार गोष्टी विचारून वहीत उतरवून घ्याव्यात. माघी जत्रेत पानावर खतखते वाढले जाईल, तेव्हा त्यातील मुळ्याच्या एका फोडीमागे आश्विनातील ऊन, कार्तिकातील दव आणि घाटमाथ्यावरील एखाद्या अनामिक मळेकऱ्याचे चार महिन्यांचे कष्ट आहेत, एवढे स्मरण झाले तरी नैवेद्याचा अर्थ अधिक खोल होईल. ती भूमी पिकती राहो आणि घाटाची वाट कधीही बंद न होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.